मे महिन्यात खारा वारा उशिरा सुटतो, रात्रीही गारवा नाही. समुद्र तापल्यामुळेच का?

कातळावरची

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या उत्तरेला आमचं घर आहे. घरामागे कातळ, कातळावर हापूसची कलमं आणि समोर उतरलं की पुळण. सासरे मासेमारी करायचे. आता वयामुळे होडी बंद आहे, पण सकाळी उठल्यावर पहिली नजर अजून दर्यावरच जाते.

प्रश्न दोन आहेत. ते एकच आहेत की वेगवेगळे, हेच मला समजून घ्यायचं आहे.

पहिला खाऱ्या वाऱ्याचा, म्हणजे दिवसा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा चैत्र-वैशाखात साधारण दहा-साडेदहाला खारा वारा लागायचा. ओटीवर आमसुलं वाळत घातलेली असायची आणि वाऱ्याने फडकं उडायला लागलं की सासूबाई कोपऱ्यांवर दगड ठेवायच्या. आता काही दिवस बारा वाजतात, एक वाजतो, तरी पान हलत नाही. उलट घाटाकडून गरम झळ येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये असा दिवस आला की कलमांखाली छोट्या कैऱ्यांचा सडा पडतो. उरलेल्या फळाची उन्हाकडची बाजू भाजते.

दुसरा रात्रीचा. पूर्वी मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटायची. आता पहाटे चारलाही उशी ओली असते. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना तर बसून रात्र काढावी लागते. पंखा फक्त दमट हवा फिरवतो.

गेल्या वर्षापासून मी एक साधा काचेचा तापमापक दोरीला बांधून जेटीवरून पाण्यात सोडते. मेच्या मध्यावर दुपारी आकडा 31 च्या वर जातो. पाय बुडवले तर पाणी अक्षरशः कोमट लागतं. टीव्हीवर सारखं ऐकते की अरबी समुद्र तापतोय, म्हणून वारा बिघडलाय, म्हणून वादळं, म्हणून आंबा गेला. सगळ्याचं एकच कारण सांगितलं जातं तेव्हा मला शंका येते. समुद्र तापल्यामुळे खारा वारा उशिरा सुटतो, हे खरं आहे का? आणि माझ्या तापमापकाच्या आकड्याला काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं, मला घाई नाही.

जुना वेधक

ताई, मी हवामान वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं कोकणातच गेली. तुमची शंका रास्त आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर समुद्रात नाही, घाटावर आहे.

खारा वारा कसा सुटतो ते तुम्हाला ठाऊकच असेल. ऊन चढतं तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची तुलनेने गार, जड हवा आत शिरते. तुमच्याकडचा कातळ तर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवू देत नाही. दुपारी त्याचा पृष्ठभाग 50 अंशांच्या पुढे सहज जातो. समुद्र 29 वरून 30 झाला तरी कातळ आणि पाणी यांच्यातला फरक प्रचंडच राहतो. त्या एका अंशाने वारा दोन-तीन तास अडून बसेल, असं मला वाटत नाही.

त्याला अडवतो तो पूर्वेचा वारा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधी कधी मध्य भारतावर हवेचा दाब असा बसतो की देशावरून समुद्राकडे जोराचा वारा वाहू लागतो. खारा वारा आत यायला बघतो, हा त्याला बाहेर ढकलतो. दोघांची झटापट दुपारपर्यंत चालते. कधी एकला, कधी दोनला खारा वारा जिंकतो. एखाद्या दिवशी जिंकतच नाही, आणि त्याच दिवशी किनाऱ्यावर पारा 38-39 दाखवतो.

त्यात घाटाची भर पडते. कोरडी हवा उंचावरून खाली उतरताना दाबली जाते आणि दर 100 मीटरला जवळजवळ 1 अंश तापते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथली 35 अंशांची हवा सह्याद्रीवरून उतरून तुमच्या कातळापर्यंत आली तर वाटेतच पाच-साडेपाच अंश चढते. तुम्ही म्हणता ती घाटाकडची झळ हीच.

आता जुने आकडे बघा. मुंबईत सांताक्रूझला 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश नोंदले गेले. 28 मार्च 1956 ला 41.7. तेव्हा अरबी समुद्र आजच्यापेक्षा थंड होता. म्हणजे समुद्र एवढा तापलेला नसतानाही किनाऱ्यावर असे दिवस येऊन गेले आहेत. पूर्वेचा वारा टिकला की किनारा भाजतो, हे तेव्हाही होतं. हल्ली असे दिवस लोकांच्या अंगावर जास्त येतात, कारण मुळातलं सरासरी तापमानच वर सरकलंय. तोच पूर्वेचा वारा आता आधीच तापलेल्या देशावरून येतो.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान 40 लागतो, किनाऱ्यावर 37 पुरतो, आणि तो त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावा लागतो. कोकणासाठी निकष वेगळा ठेवलाय तो दमटपणामुळे. "विदर्भात 44 आणि तुम्ही 37 ला ओरडता" असं म्हणणाऱ्यांनी मेच्या दुपारी वेंगुर्ल्याच्या बाजारात तासभर उभं राहून बघावं.

रात्रीच्या उकाड्यात मात्र समुद्राचा हात आहे. त्यावर पाण्याचा अभ्यास करणाऱ्या कोणीतरी लिहिलं तर बरं.

कातळावरची

काका, मनापासून धन्यवाद. घाटावरून उतरणारी हवा वाटेत तापते हे आजवर कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, वरून मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) दुपारपर्यंत टिकली की आम्ही होडी काढतच नव्हतो, कारण ती पडली की समोरून खारा वारा एकदम अंगावर येतो. म्हणजे झटापट त्यांनाही ठाऊक होती.

रात्रीचं उत्तर हवं आहे. माझ्यासाठी खरं तर तोच मोठा प्रश्न आहे. दुपारी सावलीत बसता येतं, रात्री कुठे जायचं?

दोनापावला

मी गोव्यात समुद्रविज्ञानात काम करते, मूळची रत्नागिरीची. वेधककाकांनी वाऱ्याचं जे सांगितलं त्याच्याशी पूर्ण सहमत. आता पाण्याबद्दल.

आपल्या समुद्राचं तापमान वर्षात दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत ते सर्वांत कमी असतं. मग मार्चपासून आभाळ निरभ्र, वारा मंद, लाटा लहान. वरचं पाणी ढवळलं जात नाही, उष्णता पातळ थरातच साठत जाते आणि मे महिन्यात पारा 30 च्या आसपास पोचतो. मग मोसमी वारे येतात. पाणी घुसळलं जातं, बाष्पीभवन वाढतं, ढग ऊन अडवतात, आणि ऑगस्टपर्यंत समुद्र दोन-तीन अंशांनी उतरतो. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं झालं की पुन्हा थोडा चढतो. म्हणजे मेमध्ये पाणी कोमट लागणं ही जुनीच गोष्ट आहे. बदललंय ते हे, की कोमटपणा किती वर जातो आणि किती दिवस टिकतो.

आपल्या दक्षिणेला, केरळ आणि लक्षद्वीपच्या बाजूला, मोसमी पावसाच्या आधी समुद्राचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा जास्त तापतो. एप्रिल-मेमध्ये तिथे 30-31 अंश सहज असतात. याचं एक कारण बंगालच्या उपसागरात आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. हिवाळ्यात तिथलं कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याने खाली येतं, श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला शिरतं आणि जड खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. मग खालचं गार पाणी वर येत नाही आणि वरचा थर उन्हात तापत राहतो. गंगा-गोदावरीच्या पाण्याने अरबी समुद्र तापायला मदत व्हावी, हे पहिल्यांदा शिकले तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

आता वाढीबद्दल. 1950 ते 2020 या काळात हिंद महासागराचा पृष्ठभाग शतकाला साधारण 1.2 अंश या वेगाने तापला, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मांडलंय. अरबी समुद्राचा भाग त्यात सर्वांत वेगाने तापणाऱ्यांपैकी आहे. त्यांच्याच अंदाजानुसार, समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांचे दिवस सध्या वर्षाला 20 च्या आसपास आहेत ते शतकअखेर 220 ते 250 वर जाऊ शकतात. तसं झालं तर आज ज्याला आपण लाट म्हणतो तोच बारमाही समुद्र होईल.

ताई, आता तुमच्या रात्रीकडे येते. हिवाळ्यात रात्री मतलई जोरात वाहते, देशावरची कोरडी गार हवा किनाऱ्यावर आणते. मेमध्ये मात्र मूळ वाराच वायव्येकडून, समुद्रावरून येत असतो आणि मतलई क्षीण पडते किंवा सुटतच नाही. त्यामुळे रात्रभर तुमच्या घरात शिरते ती समुद्रावरची हवा, आणि ती पाण्यापेक्षा फार थंड होऊ शकत नाही. समुद्र 30 अंश असेल तर तुमची पहाट 27-28 च्या खाली जाणार तरी कशी? शिवाय हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाफ मावते. हवा आधीच बाफेने भरलेली असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. समुद्राच्या तापण्याची झळ किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्यांदा रात्रीच लागते, असं माझं मत आहे. बातम्या दुपारच्या कमाल आकड्याच्या होतात. सासूबाईंना बसून रात्र काढावी लागते, त्याची नोंद कुठेच होत नाही.

त्यांच्याबद्दल एवढंच सांगते, एप्रिल-मे लागण्याआधीच डॉक्टरांना दाखवून औषधाचं ठरवून घ्या. आणि झोपायची जागा बदलून बघा. चिऱ्याच्या भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतात. पश्चिमेच्या भिंतीला लागून खाट असेल तर हलवा.

तुमच्या तापमापकाच्या आकड्याला अर्थ आहे, पण दुपारी जेटीजवळचं उथळ पाणी उन्हाने तापलेलं असतं. खाडीचं पाणी मिसळत असेल तर आणखी वेगळं. उपग्रहावरून दिसतो तो खोल समुद्राचा वरचा पापुद्रा. ढग असले तर अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपग्रहाला तोही दिसत नाही. म्हणून दोन्ही आकडे जुळले नाहीत तरी गोंधळू नका. सूर्योदयाच्या सुमारास, शक्यतो भरतीला, बादलीने पाणी काढून लगेच सावलीत मोजा. रोज एकाच जागी. बादलीने मोजणं ही जहाजांवरची फार जुनी आणि मान्य पद्धत आहे.

दर्याकाठचो

ताई, मी मालवणकडचो. मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

बापाशीच्या टायमाक शिडाची होडी होती. पहाटे मतलय सुटली की भायर जावचा, दुपारी खारो वारो सुटलो की त्येच्या जोरार घराक येवचा. सगळा गणित ह्या दोन वाऱ्यांचा. इंजिना इली आणि वाऱ्याची गरज संपली, म्हणान आता पोरांका वाऱ्याच्या वेळा म्हायत नाय.

पाण्याचा म्हणशात तर मे म्हयन्यात वयरचा पाणी तापता आणि बांगडो खाली उतारता. जाळा खोल सोडूचा लागता, लांब जावचा लागता, डिझेल ज्यास्त. आदी रापणीक, किनाऱ्यावरना ओढतत त्या जाळ्यात, तारली भरान गावायची. आता एक वर्स गावता, मगे दोन वर्सा नाय. सगळा पाण्यारच ढकलूचा नाय पण. पर्ससीनवाले, मोठी घेराची जाळी टाकणारे, बारीक मासो सुद्धा उचलतत, तेचाय पाप आसा. विज्ञानवाल्या ताईनी तारलेचा काय ता सांगूचा.

दोनापावला

दादा, तुम्ही म्हणता ते दोन्ही खरं आहे. तारली ऊनपावसाच्या बाबतीत फार हळवी. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला खालचं गार, अन्नाने भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर ती पोसते. केरळात 2012 साली जवळजवळ 4 लाख टन तारली मिळाली होती, 2021 मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. मग पुन्हा वाढली. तापमान, एल निनोची वर्षं आणि पिल्लं धरणं या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. मासा उत्तरेकडे सरकतोय अशीही चिन्हं आहेत, पण म्हणून महाराष्ट्राला कायमची तारली मिळेल असं कोणी समजू नये. सरकणारा मासा थांबत नाही.

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून कुठे मासा मिळण्याची शक्यता आहे याची सूचना रोज निघते. पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघूनच ती काढतात. तुमच्या सोसायटीत ती मराठीत येते का बघा. उंच लाटांचा इशाराही तेच देतात.

सलालाहून

मी मूळचा अलिबागचा, नोकरीनिमित्त ओमानमध्ये सलालाला असतो. याच समुद्राच्या दुसऱ्या काठावरून लिहितोय, म्हणून थोडी भर.

तुमच्याकडे जूनमध्ये पाऊस घेऊन येणारा वारा आमच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. त्यामुळे वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खालून थंड पाणी वर येतं. जुलैत इथे समुद्रात पाय घातला तर दचकायला होतं. मस्कतमध्ये तेव्हा 40 च्या वर असतं आणि सलालात 25-26, वर बारीक भुरभुर. इथले लोक त्याला खरीफ म्हणतात. डोंगर हिरवेगार होतात आणि आखाती देशांतून माणसं गाड्या भरून पाऊस बघायला येतात. मला तर थेट माथेरान आठवतं.

पण मेमध्ये, तो वारा सुरू होण्याआधी, इथलंही पाणी तापलेलंच असतं. 2018 च्या मेअखेर मेकुनू चक्रीवादळ सलालाजवळच आदळलं. वाळवंटात पूर आला होता. तिकडे 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनवर आलं तेव्हा माझ्या आईच्या वाडीतली सुपारी भुईसपाट झाली. लागवड पुन्हा उभी राहायला सहा-सात वर्षं लागतात, हे शहरात कोणाला कळत नाही. दोन्ही काठांना मे-जूनचे ते तीन-चार आठवडे धोक्याचे झालेत. हे पूर्वीपासून असंच होतं की वाढलंय?

जुना वेधक

वाढलंय. 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली, असं पुण्याच्याच संस्थेचा अभ्यास सांगतो. अति तीव्र वादळं तर दीडशे टक्क्यांनी. वादळ पोसायला पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं, ते आपल्याकडे मेमध्ये नेहमीच असतं. पूर्वी वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतली तफावत वादळाचं डोकं उडवायची. आता पाण्याची उष्णता खोलवर साठलेली असते, म्हणून संधी मिळताच वादळ झपाट्याने फुगतं. 2021 चं तौक्ते 14 मेला चक्रीवादळ झालं आणि 17 च्या रात्री गुजरातेत धडकलंसुद्धा. आमच्या काळी बावटा लावायला आणि होड्या वर ओढायला जास्त अवधी मिळायचा.

आणि मोसमी पावसाचं वेळापत्रकही यात विस्कटतं. 2023 ला बिपरजॉय चक्रीवादळ समुद्रातच रेंगाळलं, तिथली बाफ ओढून घेतली, आणि पाऊस मुंबईत 25 जूनला पोचला, दिल्लीत पोचला त्याच दिवशी. 2025 ला उलट झालं. 24 मेला केरळ आणि 26 ला मुंबई. त्याच सुमाराला रत्नागिरी-दापोलीच्या किनाऱ्यावर कमी दाबाचं क्षेत्र येऊन आदळलं होतं. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. या वर्षीचा पाऊस मागच्या वर्षासारखा येईल असं धरून कौलं परतायची, आंबा उतरवायचा आणि आमसुलं वाळवायची, हे आता जमणार नाही.

कातळावरची

2025 च्या मेची आठवण काढलीत. शेवटचा आंबा झाडावरच होता. पावसात फळ भिजलं, देठाला काळं पडलं, पेटीत घालण्याजोगं राहिलंच नाही. कॅनिंगवाल्यांनीही परत पाठवलं.

आता माझ्या डोक्यात नीट बसलंय. दुपारची झळ घाटाची, रात्रीचा घाम समुद्राचा, आणि मेअखेरची धास्ती तापलेल्या पाण्याची. म्हणून कामंही वेगळी करणार आहे. फेब्रुवारीपासून हवामान खात्याच्या अंदाजात पूर्वेचा वारा दिसला की आदल्या संध्याकाळीच कलमांना पाणी आणि बुंध्याशी गवताचं आच्छादन. फळांना कागदी पिशव्या घालायच्या होत्याच, त्या यंदा पश्चिमेच्या उतारावर आधी. शेवटची तोड 20 मेच्या आत, दर थोडा कमी मिळाला तरी चालेल. सासूबाईंची खाट आज दुपारीच पूर्वेच्या खोलीत हलवली.

पाण्याचा आकडा आता पहाटे बादलीने घेईन. सासरे म्हणाले, सोबत वाऱ्याची वेळही लिही: मतलई कधी पडली, मध्ये किती वेळ पान हललं नाही, खारा वारा कुठल्या दिशेने सुटला. ते सांगणार, मी लिहिणार. मालवणच्या दादांनी त्यांच्या बापाशीकडून ऐकलेल्या वेळा इथे टाकल्या तर फार उपयोग होईल. दापोली, श्रीवर्धन, वेंगुर्ला, काणकोण इथल्या कोणाच्या घरात जुनी माणसं असतील तर त्यांनाही विचारा: चैत्रात खारा वारा किती वाजता लागायचा, आणि आता किती वाजता लागतो?